मेजावरचे रणांगण

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात दगडमातीचा किल्ला रचू लागतात. विटांचे तुकडे, जुनी पोती आणि चिखल यांतून डोंगर उभा राहतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली की चार दिवसांत हिरवळ उगवते. शेवटी बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर पहाऱ्याला उभे राहतात आणि सिंहासनावर शिवाजी महाराज विराजमान होतात. शेजारीपाजारी किल्ला पाहून कौतुक करतात. परंतु ज्या जागी मावळ्याला उभे केले, त्याच जागी तो भाऊबीजेपर्यंत उभा असतो.

या मावळ्यांना चालण्याचे, लढण्याचे आणि माघार घेण्याचे नियम घालून दिले तर? अशाच विचारातून युरोपात एक आगळा खेळ जन्मास आला. रंगवलेल्या चिमुकल्या सैनिकांनी मोठ्या मेजावर खेळावयाचा हा खेळ ‘युद्धखेळ’ या नावाने ओळखला जातो.

बुद्धिबळ हाही मुळात युद्धाचाच खेळ. आपल्या देशातील चतुरंग या प्राचीन खेळातून तो निघाला. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे, म्हणून चतुरंग. परंतु बुद्धिबळाच्या पटावर ना नदी असते, ना टेकडी. दोन्ही पक्षांची मोहरी सारखीच आणि शत्रूचे सारे बळ डोळ्यांसमोर उघडे. खऱ्या रणांगणाची रीत निराळी. तेथे चिखलात तोफ रुतते, धुरामुळे शत्रू दिसत नाही, हुकूम घेऊन निघालेला स्वार वाटेतच पडतो. युद्धाचे हे खरे रूप खेळात कसे आणावे, या प्रश्नाचे समर्थ उत्तर प्रशिया या जर्मन राज्यातील एका पितापुत्रांनी दिले.

त्यांचे आडनाव फॉन राइसविट्झ. पित्याने १८१२ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक नवलाईचे मेज सादर केले. डोंगर, नद्या, रस्ते व गावे दाखवणारे तुकडे त्या मेजावर हवे तसे जुळवून निरनिराळी भूमी तयार करता येत असे. पुत्र तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये या खेळाची नियमावली प्रसिद्ध केली. मेजावरील तुकड्यांच्या जागी आता मोजमाप करून काढलेला नकाशा आला, सैन्याच्या तुकड्यांसाठी रंगीत ठोकळे आले, आणि गोळीबाराचा परिणाम ठरवण्यासाठी फासे आले. सर्वांत महत्त्वाची भर होती ती पंचाची. खेळाडू आपले हुकूम कागदावर लिहून पंचाच्या हाती देत. शत्रूची जी तुकडी खरोखर दृष्टीस पडण्यासारखी असेल, तेवढीच पंच नकाशावर मांडी. बाकीच्या सैन्याविषयी खेळाडूने अंदाजच करावयाचा. प्रशियाच्या सेनेने आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हा खेळ स्वीकारला.

सेनापतींच्या या अभ्यासाला घराघरांत आणले ते खेळण्यातल्या शिपायांनी. जर्मनीतील न्यूरेम्बर्ग शहर कथलाच्या चपट्या शिपायांसाठी प्रसिद्ध होते. पुढे १८९३ मध्ये लंडन येथील ब्रिटन नावाच्या कुटुंबाच्या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची रीत काढली. धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि इंग्लंडमधील सामान्य घरांतही लाल अंगरख्यांच्या पलटणी दिसू लागल्या.

अशा पलटणी घेऊन जमिनीवर पालथे पडून खेळणाऱ्या प्रौढ माणसांत एच. जी. वेल्स हे विख्यात लेखकही होते. ‘टाइम मशीन’ ही कालप्रवासाची कादंबरी लिहिणारे हेच ते वेल्स. लाकडी ठोकळ्यांची घरे रचावयाची, दोन्ही बाजूंनी शिपाई मांडावयाचे आणि लाकडाची बारीक कांडी फेकणाऱ्या खेळण्यातल्या तोफेने नेम धरून शत्रूचे शिपाई पाडावयाचे, असा त्यांचा खेळ होता. त्याचे नियम त्यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. पुस्तकाच्या अखेरीस विनोद बाजूला ठेवून त्यांनी एक गंभीर विचार मांडला. या छोट्या युद्धात कोणाचे घर जळत नाही, कोणाची आई रडत नाही. तेव्हा ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती अशा खेळात भागवावी, खऱ्या युद्धाचा खेळ मानवजातीला परवडणारा नाही, असा त्याचा आशय होता. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले आणि लक्षावधी तरुण त्यात बळी पडले.

महायुद्धे झाली, तरी खेळ टिकून राहिला. अमेरिकेतील जॅक स्क्रबी यांनी १९५६ मध्ये या खेळाच्या षौकिनांचा एक मेळावा भरवला. त्याला अवघे चौदा जण आले होते. इंग्लंडमध्ये डॉनल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहून अनेकांना या खेळाची गोडी लावली. फेदरस्टोन यांनी दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात सेवा केली होती. युद्ध म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. लंडन येथे १९७२ मध्ये सुरू झालेला ‘सॅल्यूट’ हा मेळावा आणि अमेरिकेतील ‘हिस्टॉरिकॉन’ हा मेळावा आज या खेळाच्या जगात विशेष प्रसिद्ध आहेत. प्रचंड दालनात ओळीने मेजे मांडलेली असतात. एका मेजावर रोमन सैन्य, दुसऱ्यावर नेपोलियनचे घोडदळ, तिसऱ्यावर वाळवंटातील रणगाडे. कोणीही अनोळखी माणसाने यावे, रिकामी जागा पाहून बसावे आणि एका सेनेचा सेनापती व्हावे.

परंतु या अनोळखी पाहुण्यासाठी मेज सजवून ठेवतो कोण? आपल्याकडे नाटकाच्या आरंभी सूत्रधार येतो. तो स्वतः नायक होत नाही, परंतु त्याच्यावाचून नाटक उभे राहत नाही. युद्धखेळ मांडणाऱ्या माणसाचे स्थान असेच असते. तीन-चार तासांच्या खेळासाठी तो कित्येक महिने राबतो. आणि खेळ सुरू झाला की तो कोणत्याही पक्षाचा नसतो. त्याचे काम नीट समजण्यासाठी एक लढाई डोळ्यांसमोर आणू. ही लढाई महाराष्ट्राच्याच भूमीवर झाली.

जालना जिल्ह्यातील भोकरदनजवळ असई नावाचे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांच्या सैन्याची इंग्रजांशी गाठ पडली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करून जगप्रसिद्ध झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. मराठ्यांचे सैन्य संख्येने कितीतरी अधिक होते. शिंद्यांच्या पदरी पोलमन या जर्मन अधिकाऱ्याने शिकवून तयार केलेली कवायती पलटणे होती, आणि तोफा शंभरांच्या घरात होत्या. पुढे केळणा नदी व मागे जुई नदी, अशा जागी हे सैन्य उभे होते.

केळणेच्या पलीकडे कसे जावे, हा वेलस्लीपुढे प्रश्न पडला. जवळपास नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा दूर अंतरावर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे त्याला दिसली. एवढ्या जवळ दोन गावे वसली आहेत, तर माणसांना ये-जा करण्यासाठी तेथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तर्क खरा ठरला. सैन्य नदी उतरून मराठ्यांच्या बगलेवर आले. पोलमननेही चपळाई दाखवून आपल्या पलटणांचे तोंड त्या बाजूला वळवले आणि घनघोर लढाई जुंपली. इंग्रजांच्या उजव्या टोकाकडील तुकड्यांच्या नायकाने हुकमाचा अर्थ चुकीचा लावला. असई गावापासून दूर राहण्याऐवजी त्या तुकड्या थेट गावाकडे गेल्या. त्यांच्या मागोमाग गेलेली ७४ वी पलटण तोफांच्या तोंडी सापडून जवळजवळ नष्ट झाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडून पळण्यापेक्षा तोफांपाशीच मरण पत्करले. अखेर इंग्रजांचा जय झाला, परंतु त्यांचे ४२८ लोक ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. मराठ्यांकडील हानी याहून कितीतरी मोठी होती.

ही लढाई मेजावर मांडावयाची, तर सूत्रधाराने आरंभ कोठून करावा? प्रथम प्रमाण ठरवावे लागते. बारा फूट लांब व सहा फूट रुंद मेज घेतले आणि त्यावरील एक इंच म्हणजे प्रत्यक्षातील पंचवीस यार्ड असे धरले, तर ३,६०० यार्ड लांबीची व १,८०० यार्ड रुंदीची भूमी त्यावर मावते. एक चिमुकला शिपाई म्हणजे वीस खरे सैनिक असे मानले, तर सहाशे माणसांच्या पलटणीला तीस शिपाई पुरतात. आठ तोफांच्या जागी एक तोफ ठेवली, तर शंभर तोफांचा तोफखाना बारा-तेरा तोफांत उभा राहतो. गणिताच्या वहीतील त्रैराशिक येथे असे कामास येते.

मग शिपाई रंगवण्याचे काम. आज हे शिपाई बहुधा कथलाच्या मिश्रधातूचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. २८ मिलिमीटर उंचीचा शिपाई म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. त्याला आधी अस्तराचा रंग द्यावा लागतो. मग अंगरखा, पट्टे, बंदूक, चेहरा आणि हात असे एकेक अवयव बारीक कुंचल्याने रंगवावे लागतात. शेवटी पातळ काळसर रंगाचा हात फिरवला की तो खाचाखोचांत उतरतो आणि वस्त्रांच्या चुण्या उठून दिसतात. कोणत्या पलटणीच्या अंगरख्याचा रंग कोणता, निशाण कसे, पगडी कशी, हे जुनी चित्रे व ग्रंथ पाहून ठरवावे लागते. शेकडो शिपाई रंगवता रंगवता सूत्रधाराचा इतिहासाचा अभ्यास आपोआप होत जातो.

याहून अवघड काम नियमांचे. वेलस्लीला उतार कोठे आहे हे ठाऊक नव्हते. पण मेजाभोवती बसलेल्या खेळाडूने इतिहास वाचलेला असेल, तर त्याला ते आधीच ठाऊक असणार. यावर चतुर सूत्रधार उपाय योजतो. नदीच्या काठाने तीन-चार ठिकाणी उतार असण्याचा संभव तो ठेवतो. खरा उतार कोठे आहे, ते लिहिलेला कागद पाकिटात बंद करून तो आपल्याजवळ बाळगतो. मात्र ज्या जागी उतार आहे, त्या जागी दोन्ही काठांवर तो चार-चार चिमुकली घरे मांडून ठेवतो. जो खेळाडू नुसते शिपाई मोजत बसतो, त्याच्या ते ध्यानात येत नाही. जो भूमी निरखून पाहतो, त्याला वेलस्लीचा तर्क स्वतःच्या बुद्धीने सापडतो आणि त्याचा आनंद काही निराळाच असतो.

चुकलेला हुकूमही मेजावर आणता येतो. दूरच्या तुकडीला हुकूम पाठवताना फासा टाकावयाचा. एकचे दान पडले तर हुकूम चुकीचा समजला गेला असे मानावयाचे. खेळाडू कपाळावर हात मारून घेतो. परंतु त्याच क्षणी त्याला उमगते की, ७४ वी पलटण भ्याड होती किंवा मूर्ख होती म्हणून ती नाश पावली नाही; धुराने आणि गोंधळाने भरलेल्या त्या मैदानात एका शब्दाचा अर्थ चुकला, इतकेच.

सूत्रधाराला न्यायही सांभाळावा लागतो. इतिहासात मराठे हरले, म्हणून मेजावरही त्यांनी हरलेच पाहिजे असा नियम केला, तर त्या बाजूला बसणार कोण? आणि दोन्ही सेना कृत्रिमपणे सारख्या केल्या, तर ती असईची लढाई राहणार नाही. म्हणून तो जयाच्या अटी विचारपूर्वक ठरवतो. मराठ्यांच्या सेनापतीने शत्रूला नदीपार परतवले तर त्याचा पूर्ण जय; ते न जमले, पण त्याने आपल्या तोफा सुखरूप बाहेर काढल्या, तरी त्याचे यश मोठेच. प्रत्यक्षात त्या दिवशी बहुतेक तोफा शत्रूच्या हाती पडल्या होत्या.

मेळाव्यापूर्वी सूत्रधार घरी मित्रांना जमवून रंगीत तालीम घेतो. खेळ रेंगाळतो कोठे, कोणता नियम कोणालाच समजत नाही, कोणत्या खेळाडूला तासभर नुसते बसून राहावे लागते, हे तालमीत कळते. जे समजत नाही ते तो काढून टाकतो. सारे नियम कागदाच्या दोन बाजूंवर मावले पाहिजेत, कारण मेळाव्यात आलेल्या पाहुण्याला पुस्तक वाचत बसण्याइतकी सवड नसते.

मेळाव्याच्या दिवशी सूत्रधाराची खरी कसोटी लागते. कोणी जाणकार येतो, कोणी कधीच न खेळलेला येतो, कोणी वडिलांचे बोट धरून आलेला लहान मुलगा असतो. सूत्रधार लढाईची हकिकत थोडक्यात सांगतो. आपले सारे ज्ञान पाहुण्यांपुढे ओतण्याचा मोह आवरतो. प्रत्येकाला एकेक पलटण नेमून देतो. शिपाई संगिनीला धरून उचलू नये, तळाच्या चकतीला धरून उचलावा, हे तो हसतमुखाने सांगतो. नवख्याची चाल चुकत असेल, तर ती स्वतः बदलत नाही, “तुमच्या डाव्या हाताला घोडदळ आहे, ते पाहिलेत ना?” एवढेच विचारतो. वाद उद्भवला तर दोन्ही बाजू ऐकून झटपट निर्णय देतो. शिस्त आणि सौजन्य या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी असाव्या लागतात. त्याला जय नाही की पराजय नाही. मेजावरून उठताना अनोळखी माणसे एकमेकांशी हस्तांदोलन करतात, हेच त्याच्या महिनोन्‌महिन्यांच्या श्रमांचे फळ.

युद्धासारख्या भयंकर गोष्टीचा खेळ करणे योग्य आहे काय, असा प्रश्न काही विचारी माणसे विचारतात. तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. केवळ मारण्यात मौज वाटू लागली, तर असा खेळ मनुष्याला निष्ठुर करील. परंतु जो सूत्रधार इतिहासाशी प्रामाणिक असतो, त्याच्या मेजावर खेळाडूला दुसरीच जाणीव होते. आपण नीट आखलेला बेत एका फाशाने कसा कोसळतो, हे तो पाहतो. शत्रूच्या बाजूला बसून शत्रूच्या अडचणी समजून घेतो. लढाईच्या वर्णनातील कोरडे आकडे त्याच्यासमोर उभ्या असलेल्या रांगा होतात आणि त्या रांगा त्याच्याच हाताने एकेक करून मेजावरून उचलल्या जातात.

सायंकाळी दालन रिकामे होते. सूत्रधार शिपाई मोजून पेटीत ठेवू लागतो. गोलंदाज, स्वार, ७४ व्या पलटणीचे शिपाई, निशाण धरलेला एक तरुण. पडलेले, पळालेले, जिंकलेले असे सारे एकाच पेटीत शेजारी शेजारी निजतात. एखाद्याची बंदूक वाकलेली असते, ती तो हळूच सरळ करतो. पुढच्या मेळाव्यात हे सारे पुन्हा उभे राहतील. केळणेच्या काठी १८०३ च्या त्या सायंकाळी जे पडले, त्यांच्यासाठी अशी पेटी नव्हती. वेल्स यांनी १९१३ मध्ये जे सांगितले, ते हेच.

शब्दार्थ

मेज – टेबल. षौकीन – आवड असलेला. कवायती पलटण – शिस्तबद्ध संचलन शिकवलेली पायदळाची तुकडी. उतार – नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. वाटाड्या – वाट दाखवणारा. बगल – सैन्याची बाजू. गोलंदाज – तोफ डागणारा सैनिक. अस्तर – मुख्य रंगापूर्वी द्यावयाचा पहिला थर. संगीन – बंदुकीच्या टोकाला लावावयाचे पाते. रंगीत तालीम – प्रयोगापूर्वीचा संपूर्ण सराव.

अभ्यास

१. बुद्धिबळ आणि युद्धखेळ यांत कोणते फरक आहेत?
२. राइसविट्झ यांच्या खेळात पंचाचे काम कोणते होते? त्यामुळे खेळात कोणता खरेपणा आला?
३. नदीला उतार असला पाहिजे, हे वेलस्लीने कशावरून ताडले? तो प्रसंग सूत्रधार मेजावर कसा आणतो?
४. कारणे सांगा : (अ) सूत्रधार सारे नियम कागदाच्या दोन बाजूंवर बसवतो. (आ) मराठ्यांच्या बाजूसाठी तो यशाची वेगळी अट ठरवतो.
५. एक शिपाई म्हणजे वीस सैनिक या प्रमाणाने ९०० सैनिकांसाठी किती शिपाई लागतील? एक इंच म्हणजे पंचवीस यार्ड धरल्यास ५०० यार्ड अंतर मेजावर किती इंच होईल?
६. ‘वेल्स यांनी १९१३ मध्ये जे सांगितले, ते हेच.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : बळी पडणे, कपाळावर हात मारून घेणे, मोह आवरणे, कसोटी लागणे.
८. दिवाळीत केलेल्या किल्ल्यावर खेळता येईल असा एक खेळ योजा व त्याचे पाच नियम लिहा.